पहिला मोबाईल, पहिला फॉर्म: शिकायला कोल्हापूरला येणाऱ्यांसाठी

दहावीनंतर मी गारगोटीजवळच्या गावातून कोल्हापूरला अकरावीला आले, तेव्हा माझ्या नावाचा ई-मेल होता, पण तो माझ्या ताब्यात नव्हता. तालुक्याच्या गावात एका कॅफेवाल्याने फॉर्म भरताना तो काढून दिला होता. पासवर्ड त्याच्या वहीत आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला दिलेला नंबरही त्याचाच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बारावीनंतर कॉलेजला गेले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि निश्चिंत राहिले. अर्जातला एक कागद अस्पष्ट होता, म्हणून अर्ज परत आला. तसा निरोप त्याच ई-मेलवर आला होता. मला तो दिसला तेव्हा मुदत संपून महिना झाला होता. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली आणि बाबांनी तीन महिन्यांची दुधाची बिलं माझ्या फीला घातली.

आता मी विद्यापीठात शिकते आणि दर जून-जुलैत वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलींचे फॉर्म भरायला बसते. दर वर्षी तेच ऐकते: "ताई, पासवर्ड त्या दादास्नीच म्हाईत हाय." म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. खेड्यापाड्यातली पोरं इथे शिकायला येतात ती तेव्हापासून. तेव्हा मुलं वळकटी आणि ट्रंक घेऊन यायची आणि ट्रंकेची किल्ली करगोट्याला बांधलेली असायची. तुमची ट्रंक आता मोबाईलमध्ये आहे. किल्ली कुणाकडे आहे, तेवढं आधी बघा.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू स्थितीत
- दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
- पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, आणि कोऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही
- एक शंभर पानी वही. हिचं काम तिसऱ्या पायरीत येईल.

१. नंबर कुणाच्या नावावर आहे?

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तुमच्या नावावर सिम मिळत नाही. त्यामुळे नंबर आईच्या किंवा बाबांच्या नावावर असणार आणि त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती मामाच्या मित्राने दिलेल्या किंवा दुकानदाराने 'आपलंच आहे, वापर' म्हणून दिलेल्या सिमने. सिम हरवलं की नवं सिम फक्त मूळ मालकालाच मिळतं. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर एखाद्या माणसाच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. बाबांसोबत बसून एकदा बघा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

स्वस्त रिचार्जसाठी दर चार महिन्यांनी नंबर बदलू नका. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या मोबाईलवर वाजतो. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती नंबरावर येते, म्हणून नंबर टिकवून धरायचा.

आणखी एक दोन मिनिटांचं काम. फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल, तो वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांना आणि संचार साथीवर फोन बंद करून घ्यायला तोच लागतो. फोन गेल्यावर तो शोधायला फोनच हाताशी नसतो, हे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीतून उतरल्यावर कळलं.

२. ई-मेल स्वतःच्या हाताने काढा

स्वतःचं गूगल खातं चालवायला तेरा वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे दहावी झालेल्या प्रत्येकाला ते काढता येतं. पंधरा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याने काढून दिलं तर ते आयुष्यभर दुसऱ्याचं राहतं.

नाव साधं ठेवा. नाव, आडनाव आणि एखादा आकडा पुरे. हा पत्ता उद्या नोकरीच्या अर्जावर जाणार आहे, त्यामुळे त्यात टोपणनाव किंवा आवडत्या हिरोचं नाव नको. जन्मतारीख खरी टाका. खोटी टाकली आणि पुढे खातं अडकलं, तर कुठली टाकली होती तेच आठवत नाही.

खातं निघालं की लगेच सेटिंगमध्ये जा. रिकव्हरी नंबर स्वतःचा द्या. रिकव्हरी ई-मेल म्हणून आई, बाबा किंवा मोठ्या भावंडाचा द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्ड कुणाला कळला तरी दुसरी किल्ली तुमच्या हातात राहते. तिथेच बॅकअप कोड मिळतात, दहा कोड, प्रत्येकी आठ आकड्यांचे. ते कागदावर उतरवा. फोन नसेल तेव्हा हेच कोड दार उघडतात.

आणि माझी चूक तुम्ही करू नका: मेल रोज बघा. अर्जाचे निरोप स्पॅमच्या खणातही जाऊन पडतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तोही उघडा.

आधीच कॅफेवाल्याने खातं काढलं असेल, तर त्याच्यासमोर बसून आधी पासवर्ड बदला, मग त्याचा नंबर काढून आपला घाला. बहुतेक जण लगेच करून देतात, कारण त्यांनाही ती ब्याद नको असते. तिथून उठण्याआधी 'इतर सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हेही करून घ्या.

३. पासवर्ड आणि ती वही

नाव आणि पुढे १२३, गावाचं नाव आणि पिनकोड, किंवा जन्मसाल. वसतिगृहातल्या दहापैकी सहा-सात मुलींचे पासवर्ड मी न विचारता सांगू शकते, इतके ते सारखे असतात.

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. वरवंटा, जिना, पावशेर, कावळा. इतका लांब पासवर्ड ओळखायला अवघड आणि लक्षात ठेवायला सोपा. माझं उदाहरण उचलू नका, तुमच्या स्वयंपाकघरातले, शेतातले शब्द घ्या. ई-मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. बाकी सगळे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात, म्हणून ती मुख्य दाराची किल्ली आहे.

आता वही. पासवर्ड लिहून ठेवू नयेत असं सगळीकडे सांगतात. माझं मत वेगळं आहे. नवख्या माणसाने घरातल्या, कुलपातल्या वहीत लिहून ठेवावं. कोल्हापुरातला चोर तुमची ट्रंक फोडून वही वाचण्यापेक्षा, विसरलेल्या पासवर्डपायी तुम्ही फॉर्म चुकवण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. वहीचा फोटो मात्र काढायचा नाही आणि कॉलेजच्या बॅगेतही ती ठेवायची नाही. प्रत्येक पोर्टलचा लॉगिन आयडी, अर्ज क्रमांक, तारीख असं त्यात लिहीत जा.

४. संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचा

आपण पत्र लिहिताना मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा लिहितो. शेवटचा शब्द सगळ्यात मोठा. वेबच्या पत्त्याचंही तसंच आहे. सुरुवातीचं 'https://' सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं, तो त्याचा जिल्हा. 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' हा शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा पत्ता सरकारचा, कारण शेवट 'गव्ह डॉट इन' आहे आणि तो शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. 'महाडीबीटी-फॉर्म डॉट कॉम' असा पत्ता उद्या कुणीही विकत घेऊ शकतो. विद्यापीठं आणि कॉलेजांच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा 'एसी डॉट इन' असतं.

पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे साइट खरी, असा समज पक्का बसलेला आहे. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस लबाड असेल तर कुलूप त्याच्याही दाराला असतं.

गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जाहिराती येतात. फॉर्मची लिंक तिथून उघडू नका. कॉलेजच्या नोटीस बोर्डवरचा पत्ता स्वतः टाइप करा.

५. फाइल, एमबी, केबी: फॉर्म इथेच अडतो

यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून नीट सांगते.

कॉम्प्युटरला कळतं ते शून्य आणि एक. त्या एका खुणेला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट, १०२४ बाइटांचा एक केबी आणि १०२४ केबींचा एक एमबी. तुमच्या फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. फॉर्मवर लिहिलेलं असतं: फोटो ५० केबीपेक्षा कमी. म्हणजे फोटो साठ ते ऐंशी पट लहान करायचा आहे. मुली इथे रडकुंडीला येतात, कारण फोटो तर स्क्रीनवर केवढासाच दिसतो.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा असतो, एकूण एक कोटी वीस लाख. फॉर्मवर दिसणाऱ्या फोटोला दोन-अडीचशे ठिपक्यांची रुंदी पुरते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कापा, चेहरा आणि खांदे एवढंच ठेवा. मग ठिपक्यांची संख्या कमी करा, म्हणजे रीसाइझ. एवढं करूनही मोठा राहिला तरच क्वालिटी कमी करा. बहुतेक जण क्वालिटीपासून सुरुवात करतात, चेहरा धुरकट होतो आणि अर्ज परत येतो. माझाही अशाच धुरकट कागदामुळे परत आला होता.

दाखल्यांसाठी पीडीएफ मागतात. पीडीएफ म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं पान. फोनमधल्या गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचं बटण आहे. कागद खिडकीजवळ सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका, चारही कोपरे चौकटीत घ्या. फोटोच्या नावापुढचं 'जेपीजी' खोडून 'पीडीएफ' लिहिलं म्हणजे पीडीएफ होत नाही. पितळी डब्यावर 'तूर' लिहून आत तूर येत नाही, तसंच ते. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. काही पोर्टल मराठी नाव किंवा मोकळी जागा स्वीकारत नाहीत.

मोठा धोका पुढे आहे. 'पीडीएफ लहान करा' असं शोधलं की शेकडो फुकट साइट येतात. तुम्ही आधार आणि जातीचा दाखला तिथे चढवता, म्हणजे एक प्रत अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर ठेवून येता. हे काम फोनवरच, फोनच्या स्वतःच्या एडिटरने करा.

आणि मराठी फॉन्ट. डीटीपीवाल्याकडून अर्ज टाइप करून आणला, घरी फोनवर उघडला आणि सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, असं पुष्कळदा होतं. कारण त्याने 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव'सारखा जुना फॉन्ट वापरलेला असतो. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांना मराठी अंगरखा चढवलेला असतो. तुमच्या फोनमध्ये तो अंगरखा नाही, म्हणून खिचडी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, 'क'चा क्रमांक ०९१५. त्यामुळे युनिकोडमधलं मराठी कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. टाइप करून घेताना स्पष्ट सांगा: "युनिकोडमध्ये द्या आणि सोबत पीडीएफही द्या."

६. डिजिलॉकर

हे सरकारचं ॲप २०१५ पासून आहे. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो आणि खातं उघडतं. आपल्या राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रकं त्यात मिळतात. बैठक क्रमांक आणि वर्ष टाकायचं. थेट मंडळाकडून तिथे आलेला कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. पण तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद तसा मानला जात नाही, हा फरक लक्षात असू द्या. पदवीला गेल्यावर क्रेडिट बँकेचा (जिथे अभ्यासक्रमांचे क्रेडिट जमा होतात तिचा) आयडीही इथूनच निघतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-शिरोळकडच्या कितीतरी घरांत कपाटातले कागद भिजून लगदा झाले. पावसाळ्याआधी डिजिलॉकर उघडून ठेवा.

७. आधार आणि बँक: पैसे येतात कुठे?

शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते आधारशी सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारला जोडलेल्या खात्यात येतात. एका आधारला सीडिंगसाठी एका वेळी एकच खातं असतं, आणि शेवटी जोडलेलं खातं तेच चालू राहतं. शाळेत असताना एका बँकेत खातं, कोल्हापुरात आल्यावर दुसऱ्या बँकेत, मग पैसे भलतीकडेच जाऊन पडतात.

बँकेत विचारलं की "आधार लिंक आहे" असं सांगतात. ते बऱ्याचदा केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं असतं. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येणं, म्हणून तुम्ही विचारायचं ते असं: "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?" उत्तर काही मिळो, घरी येऊन 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव आणि सक्रिय आहे की नाही, दोन्ही दिसतं. अर्ज भरण्याच्या आधी बघा.

नावाचाही घोळ असतो. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. क्रम वेगळा असला तर बहुधा चालतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. आधारची दुरुस्ती फॉर्म सुटण्याच्या दोन महिने आधी करून घ्या. वयाची पंधरा वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, तीही त्याच फेरीत उरका.

८. झेरॉक्सच्या दुकानात

गेल्या जुलैत राजारामपुरीत मी एका दुकानात प्रिंट काढायला गेले होते. पावसामुळे आत दाटी झालेली. दुकानदाराने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, "तुमची फाइल शोधा" म्हणाला. डेस्कटॉपवर जागाच उरली नव्हती. आधार, पॅन, पासबुक, कुणाचं मेडिकल, कुणाचे पासपोर्ट फोटो. आठवड्याभरात येऊन गेलेल्या सगळ्यांची घरंच जणू उघडी पडली होती. दुकानदार भला माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्यानंतर तिथे आणखी कुणी बसलंच असेल.

तेव्हापासून मी असं करते आणि तुम्हीही करा. आधारची गरज ओळखीपुरती असेल तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कागदावर प्रिंट घेतली की दुकानदारासमोरच फाइल डेस्कटॉपवरून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढायला सांगा. "दादा, एवढं पुसून द्या" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथून बाहेर पडा. नुसता टॅब बंद केला तर तुमच्या गप्पा त्या कॉम्प्युटरवर उघड्याच राहतात. झेरॉक्सच्या प्रतीवर सही करून कशासाठी दिली ते लिहा, 'फक्त अकरावी प्रवेशासाठी' असं.

९. पैसे: इथे घाई करायची नाही

यूपीआयचा एकच नियम पाठ करा. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. कुणी "शिष्यवृत्ती जमा करायची आहे, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवून द्या.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओ चलन किंवा किसान योजनेची यादी म्हणून 'एपीके' नावाची फाइल येते. एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला ॲप कशाला हवं? ते ॲप बसलं की तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी परस्पर पलीकडे जातो. ओळखीच्याच नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण आधी त्याचा फोन गेलेला असतो.

व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशातला माणूस "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणतो. असली अटक कायद्यात कुठेही नाही.

आणि याहून जास्त जीव तोडून सांगायचं आहे ते हे. कॉलेजच्या आवारात कुणी विचारतं, "तुझं बँक खातं महिनाभर दे, पाच-दहा हजार मिळतील." त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची पुंजी तुमच्या नावावरून पुढे जाते, आणि पोलीस सगळ्यात आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात. एटीएम कार्ड, सिम किंवा खातं कुणालाही द्यायचं नाही. मित्र असला, गाववाला असला, तरी नाही.

१०. पुढे पाठवण्याआधी

जुलै २०२१ मध्ये आमच्या गावच्या ग्रुपवर पुलावरून ट्रक वाहून जातानाचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, कोल्हापूरचा पूल गेला. माझी आई दोन तास हुंदके देत होती, कारण भाऊ शहरात अडकला होता. नंतर तो व्हिडिओ थांबवून बघितला, तर ट्रकमागची पाटी तेलुगूत होती. पाठवणारा मुलगा नववीतला होता. त्याला मदतच करायची होती.

म्हणून थांबवून बघायची सवय लावा. पाटी कुठल्या भाषेत आहे? पावसाळा आहे का? तारीख लिहिली आहे का? महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जिल्हा प्रशासन हे आकडे जाहीर करतं, ग्रुपवर तेच टाका. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, तशी रचनाच आहे. 'दरवाजा उघडला' आणि 'धरण फुटलं' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि ते नदीकाठच्या माणसाच्या झोपेशी निगडित आहे.

स्टेटसचंही तसंच. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांनी काहीच टाकलं नव्हतं, अशांचीही दुकानं फुटली. रागाच्या भरात लिहिलेलं रात्रभर ड्राफ्टमध्ये राहू द्या. सकाळी टाकावंसं वाटतं का ते बघा.

११. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचं नाव

वर्गातल्या मुलीचा झोपलेला फोटो काढून स्टिकर करणं, मित्राच्या नावाने खोटं खातं काढणं, पासवर्ड माहीत आहे म्हणून दुसऱ्याचं इन्स्टाग्राम उघडणं. सुरुवात गमतीने होते. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याला कलम ६६सी, दुसरा कुणी असल्याचं भासवून फसवण्याला ६६डी आणि खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढण्याला किंवा पसरवण्याला ६६ई लागतं. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलामुलींचे अश्लील फोटो असतील तर शिक्षा आणखी कडक आहे, आणि नुसते साठवून ठेवणंही गुन्हा आहे.

कायद्याआधी साधी रीत आहे: "टाकू का?" म्हणून विचारा. नाही म्हटलं तर खोडा.

१२. अभ्यास आणि एआय

एआयला विचारा, जरूर विचारा. पण समजून घ्यायला विचारा. ते नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेखक ठामपणे सांगतं. मराठी विश्वकोश पूर्ण इंटरनेटवर आहे, तिथे पडताळा. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आणि विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, तिथलं पुस्तक हातात घेऊन बघा. प्रकल्पात एआयची मदत घेतली असेल तर शिक्षकांना तसं सांगा.

१३. चुकलंच तर

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर लावाल, तितके पैसे मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, बँकेचं नाव, बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक आणि समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार करा. बँकेलाही कळवा. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी नको. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढताना वरचा नंबर आणि वेळ दिसेल असं बघा.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. महिला आणि मुलांबाबतची तक्रार त्याच पोर्टलवर नाव न सांगताही देता येते. अठराच्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची सेवा आहे. फोटो तुमच्या फोनवरच राहतो, त्याचा फक्त आकडी ठसा जातो आणि सहभागी साइट त्या ठशावरून फोटो हटवतात. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि कोल्हापुरात जिल्हा पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे. एकट्याने जायची भीती वाटली तर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना, सरांना किंवा ज्यांच्याशी बोलता येतं त्यांना सोबत घ्या.

आणि घरी सांगा. गेल्या वर्षी एका मुलीचे साडेचार हजार गेले आणि तिने आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. मेसचे पैसे होते ते. नवव्या दिवशी रात्री जेवायला येत नाही म्हणून मी तिच्या खोलीत गेले, तेव्हा कळलं. आम्ही तिथूनच १९३० लावला, तक्रार नोंदवली, आणि मग तिने बाबांना फोन केला. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "जेवलीस का?"